३११ नावांची वही

(दृश्य : वडगाव, बेळगाव. रात्रीचे पावणेअकरा. यंत्रमागांची खडखड. एकेक माग बंद होत जातो.)

ऐका. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. वडगाव, खासबाग, शहापूर भागात जन्मलेल्या माणसाच्या कानाला हा आवाज जाणवतसुद्धा नाही. फोनच्या माईकला मात्र जाणवतो. म्हणून माझ्या माहितीपटातली ही तरुण गायिका रोज रात्री वाट बघते. गल्लीतला शेवटचा माग थांबला की खोलीचं दार लावायचं, दोरीवर दोन गोधड्या टाकायच्या, त्यांच्या आडोशाला पाटावर फोन उभा करायचा आणि गायला बसायचं.

आज्जीच्या जुन्या लुगड्यांच्या त्या गोधड्या. आवाज भिंतीवर आपटून घुमू नये म्हणून स्टुडिओत भिंतींना फोम लावतात. इथं ते काम गोधडी करते. मी स्वतः हेडफोन लावून ऐकलं. गाणं स्वच्छ येतं.

ती २३ वर्षांची आहे. घरात चार माग. दिवसा कांड्या भरायच्या, सुताचा हिशेब लिहायचा, संध्याकाळी दोन मुलींना गाणं शिकवायचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. अभंग म्हणते, पुरंदरदासांची कन्नड पदंही म्हणते. गायिका म्हणून पोट भरायचंय, एवढं तिचं ठरलंय.

(दृश्य : खानापूर तालुक्यातलं एक गाव. सप्ताहाचा मंडप.)

गाव लहान. मंडपात शंभरेक माणसं, मागं उभी असलेली धरून. पेटी, पखवाज, टाळ. दोन तास ती गायली. पंगत बसली तरी ती जेवायला गेली नाही. पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली.

"मावशी, आवडलं न्हवं गाणं? नंबर द्या की. आणि माझा पण सेव्ह करून घ्या हं, नाहीतर माझा मेसेज तुम्हाला यायचाच नाही."

ती हे उगाच सांगत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळं वहीत नाव लिहून झालं तरी ती हलत नाही. समोरच्या बाईच्या फोनमध्ये आपलं नाव टाकून देते, मगच उठते. आम्ही चित्रीकरण केलं तेव्हा वहीत ३११ नावं होती. एका यादीत मावत नाहीत म्हणून दोन याद्या केल्यात. प्रत्येक नावापुढं गाव, गल्ली आणि एक बारीक टीप : 'भैरवी आवडली', 'मुलगी शिकायला पाठवणार', 'कन्नड पद म्हणा म्हणाल्या'.

हा माहितीपट मला करावासा वाटला तो या वहीमुळं.

नवीन गाणाऱ्या मुलांशी बोललं की पहिला विषय निघतो यूट्यूबचा. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जावं लागतं. चार मिनिटांचं गाणं असेल, तर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ६०,००० वेळा ऐकलं गेलं पाहिजे. आकडा बघूनच पोरं खचतात. स्पॉटिफायवर २०२४पासून १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी लागू होत नाही.

आता मंडपातला हिशेब करा. १०० माणसं, २ तास. झाले २०० तास. अशी २० गावं झाली की तेच ४००० तास. खानापूर, निपाणी, चंदगडच्या बाजूला सप्ताह, पारायण, जत्रा, गणपती धरले तर वर्षाला २० कार्यक्रम धडपडणाऱ्या गायकाला अशक्य नाहीत. आणि इथला माणूस मांडी घालून दोन तास बसतो. हा श्रोता आपल्याकडं आधीपासून आहे, त्याला नव्यानं शोधायचं काय? कार्यक्रम संपला की तो उठून घरी जातो आणि आपण त्याला जाऊ देतो, नुकसान तिथं होतं.

फोनची गरज नाही असं मी म्हणत नाही. तिचाही चॅनल आहे. पण त्याची सुरुवात चटका लावणारी झाली. पहिला व्हिडिओ टाकला तुकोबांच्या अभंगाचा, लोकांच्या तोंडी असलेल्या चालीत. तीन दिवसांत त्यावर एका कंपनीचा हक्काचा दावा आला. ती रडली. "तुकाराम महाराजांचा अभंग कंपनीचा कसा काय झाला?"

अभंग कुणाचाच झालेला नाही. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, ते सगळ्यांचे. पण चाल नंतरच्या संगीतकाराची होती, आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मिळकती आहेत. सातबारा वेगवेगळा. हे आपल्या गायनवर्गांत कुणी शिकवत नाही, आणि ते शिकवलं पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

त्या रात्री आज्जी म्हणाली, "मग माझी चाल घे की."

आज्जी कांड्या भरताना जे गुणगुणते, ती चाल. तिच्या आईकडून आलेली. त्यावर मुलीनं ध्रुवपदाची चाल स्वतः बांधली, अंतऱ्याला वेगळं वळण दिलं, आणि तोच अभंग पुन्हा गायला. आता त्या नव्या बांधणीची संगीतकार ती आहे. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९पासून आहे. २०१२च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा असा पक्का केला की तो निर्मात्याला लिहून देऊनही टाकता येत नाही. तिनं सदस्यत्वाचा अर्ज भरलाय. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांकसुद्धा त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. धारवाड आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेची तयारी चालू आहे. 'बी' श्रेणी मिळाली तरी पत्रिकेवर 'आकाशवाणी कलाकार' असं छापता येतं, आणि गावच्या कमिटीसमोर त्या दोन शब्दांना अजून वजन आहे.

पैशांचं सांगायलाच हवं. सुरुवातीला एका मंडळानं शाल-श्रीफळ देऊन बोळवण केली. तबलजीला तिनं आईकडून उसने घेऊन दिले. आता ती सुपारी घेतानाच सांगते : आधी साथीदारांचं मानधन, गाडीभाडं, मग माझी बिदागी. एक-दोन कार्यक्रम त्यामुळं गेले. जाऊ देत. ज्या घरात मागावरच्या माणसाची मजुरी आठवड्याला चुकती होते, त्या घरातली मुलगी तबलजीचे पैसे थकवणार नाही.

(दृश्य : बेळगाव रेल्वे स्थानक. मिरजेकडं जाणारी पॅसेंजर. सुळेभावीची पाटी.)

पुण्याला जाऊ का, हा प्रश्न तिनं मला दोनदा विचारला. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी कलाकाराच्या मागं हा प्रश्न जास्तच लागलाय. पुण्यात गेलं की 'तुम्ही कर्नाटकातल्या', बंगळूरला गेलं की 'तुम्ही मराठी'.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तिला १९२४ साल सांगितलं. त्या वर्षी ८ एप्रिलला बेळगावजवळच्या या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकले आणि पुढं मध्य प्रदेशातल्या देवासचे झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष, आणि अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तिथं गायल्या. त्या हुबळीतच राहिल्या. सवाई गंधर्वांकडं शिकायला आगगाडीनं कुंदगोळला जाऊन-येऊन करत. श्रोते त्यांना देशभर मिळाले, पत्ता हुबळीचाच राहिला.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आगगाडी मिरजेला पण जाते की." मिरजेत तंबोरे बनतात. एक तंबोरा घेण्यासाठी तिनं पोस्टात पैसे साठवायला घेतलेत.

(दृश्य : पुन्हा सप्ताहाचा मंडप. पंगत उठलीय. दिवे मालवतायत.)

वहीतलं ३१२वं नाव आमच्यासमोर लिहिलं गेलं. खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी. तिच्याकडं फोनच नव्हता. मुलगी क्षणभर पेन धरून थांबली. म्हातारीनं शेजारणीकडं बोट दाखवलं.

"हिचा नंबर लिव्ह. तुझं गाणं आलं की ही भिंतीवरनं हाक मारती मला."

तिनं नंबर लिहिला. पुढं टीप लिहिली : 'हाक मारायची.'