बारा पानांची पंगत

[दृश्य: राखाडी समुद्रकिनारा. दोरीवर वाळत घातलेली मासळी.]

सिनेमा जेवणावरचा आहे, पण पहिल्यांदा दिसते ती ही मासळी. चपटी, वाऱ्यावर हलणारी. भूक चाळवावी असं तिच्यात काहीच नाही.

डेन्मार्कमधल्या जटलंडचा हा पश्चिम किनारा. कॅरेन ब्लिक्सन यांच्या मूळ कथेतलं गाव नॉर्वेतलं. दिग्दर्शक गॅब्रिएल ॲक्सेल यांना ते पर्यटनाच्या माहितीपत्रकासारखं देखणं वाटलं, म्हणून त्यांनी गोष्ट इथे आणली आणि वस्ती नव्याने उभी केली. १९८७ चा हा चित्रपट 'बॅबेट्स फीस्ट'. पुढच्या वर्षी त्याने डेन्मार्कला परभाषिक चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. ॲक्सेल तेव्हा सत्तरीला टेकले होते.

[दृश्य: दोन वृद्ध बहिणी, हातात झाकलेली भांडी.]

मार्टिने आणि फिलिप्पा. एकीचं नाव प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवरून, दुसरीचं त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थॉनवरून. पाद्री वडील कसे होते, हे एवढ्यावरून कळावं. ते गेले, त्यांचा छोटासा पंथ मागे उरला, आणि तो सांभाळता सांभाळता या दोघींची लग्नं राहून गेली. घरात खाणं काय, तर भिजवलेली सुकी मासळी, आणि शिळा पाव बिअरमध्ये शिजवून केलेली दाट पेज. गावातल्या आजारी म्हाताऱ्यांनाही तीच पोचवायची.

१८७१ साली एका वादळी रात्री बॅबेट या दारात येते. पॅरिस कम्यून हे तिथल्या लोकांचं बंड सरकारी फौजांनी चिरडलं, त्या कत्तलीत नवरा आणि मुलगा गेलेले. पगार नको, फक्त राहू द्या, म्हणते. मग बहिणी तिला पेज करायला शिकवतात. ती एका शब्दाने काही न सांगता शिकून घेते. कॅफे आंग्ले या पॅरिसच्या नामांकित रेस्तराँची ही मुख्य आचारी! या दृश्याला हसू येतं, पण चित्रपट बहिणींना हसत नाही. बॅबेटही ती पेज कमी लेखत नाही. ती कोळ्याशी घासाघीस करते, रानातून पाला वेचून आणते, आणि पेजेला चव येते. पुढे काही दिवस ती गावात नसते, तेव्हा म्हाताऱ्यांची वाकडी तोंडं बघा.

[दृश्य: किनाऱ्यावर उतरवलेली पेटी. पिंजऱ्यात जिवंत लावे. कासव.]

चौदा वर्षांनी तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते. पाद्रीबाबांच्या जन्मशताब्दीला एकदाच फ्रेंच जेवण करू द्या, एवढं ती मागते. कासव पाहून मार्टिनेची झोप उडते. पंथातले सगळे मिळून ठरवतात: जेवू, पण अन्नाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

आपल्याकडे पंगतीत 'भाजी झक्क झालीये' म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. इथे अकरा जण तोंड मिटून बसलेत. बारावा पाहुणा एक जनरल, त्याला या शपथेची खबर नाही. कासवाचं सूप येतं. ब्लिनी या छोट्या धिरड्यांवर कॅव्हियार, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाभोळी. मग खुसखुशीत पेस्ट्रीच्या कोशात बसवलेले भरले लावे. जनरल थक्क होऊन वाइनचं नाव आणि साल सांगतो, तर शेजारचा उद्याच्या बर्फाबद्दल बोलतो. एक बाई पाण्याचा घोट घेते, नाक मुरडते आणि परत वाइनच्या ग्लासाकडे वळते. चव दाखवायला चित्रपटाकडे शब्द नाहीत, फक्त चेहरे आहेत. हळूहळू तेच चेहरे, इतकी वर्षं एकमेकांचे हिशेब काढणारे, सैल होत जातात.

जनरल एक आठवण सांगतो. कॅफे आंग्लेत त्याला मेजवानी देणारा फ्रेंच लष्करी अधिकारी गॅलिफे तिथल्या आचारी बाईची तोंडभरून स्तुती करत होता. या गॅलिफेनेच पुढे कम्यून रक्तात बुडवण्यात पुढाकार घेतला. चित्रपट यावर थांबत नाही. मला मात्र दर वेळी इथे थांबावंसं वाटतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. उष्टी भांडी, तांब्याची पातेली.]

बॅबेट पंगतीत येतच नाही. गाडीवान स्वयंपाकघरात बसून प्रत्येक पदार्थ चाखतो, आणि त्याच्यावर कसली शपथ नाही.

पाहुणे गेल्यावर बहिणी आत येतात. जेवण फार छान झालं, मार्टिने म्हणते. आता तू पॅरिसला जाशील ना?

नाही, बॅबेट सांगते. पैसे संपले. कॅफे आंग्लेत बारा पानांचे दहा हजार फ्रँकच होतात.