चार वाद्यं, एक षड्ज

नमस्कार श्रोतेहो.

भिंतीवर मेंडोलिन टांगलेलं, कपाटावर पेटी, खाली चुंबळीवर तबला-डग्गा आणि कोपऱ्यात कापडी पिशवीत बासरी. हौशी वादकाच्या घरात असंच दिसतं. 'एक ना धड भाराभर चिंध्या' हा टोमणा त्याला चुकत नाही, आणि तो अगदीच खोटाही नाही. मैफलीचा वादक व्हायचं तर एकाच वाद्याला वाहून घ्यावं लागतं. पण एकच राग चार वाद्यांवर वाजवणाऱ्याच्या कानाला जे खाद्य मिळतं, ते एकाच वाद्यावर सहसा मिळत नाही. त्यासाठी भूप घेऊ. मध्यम, निषाद वर्ज्य, म्हणजे लागतच नाहीत, बाकी सगळे स्वर शुद्ध, आणि वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. या गंधाराकडे लक्ष ठेवा, सगळी मजा तिथेच आहे.

आधी सा ठरवायचा, चारही वाद्यांसाठी एकच. हौशी माणसानं पांढरी दोन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, धरावी असं मी सुचवीन. मेंडोलिनच्या तारांच्या चार जोड्या व्हायोलिनसारख्याच मिळवतात: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. पांढरी दोनला सा म्हटलं की त्या आपोआप म, सा, प, रे होतात. खुंट्या फार पिळायला नकोत, तार तुटायची भीती नाही. बासरीही या पट्टीत साधारण सोळा-सतरा इंचांची मिळते, म्हणजे बोटं ताणावी लागत नाहीत. सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा तबलाही या सुरात खुशीनं बसतो. पेटीवर भूप असा येतो: सा पांढरी दोन, रे पांढरी तीन, ग काळी तीन, प पांढरी सहा, ध पांढरी सात.

जुळवणीला तबल्यापासून सुरुवात करा, कारण वेळ तोच खातो. पेटीवर सा धरून ठेवायला कोणी नसेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा. तबल्याच्या गजऱ्याला, म्हणजे तोंडाभोवतीच्या कातडी वेणीला, सोळा घरं असतात. किनारीवर 'ना' वाजवत प्रत्येक घराजवळचा सूर ऐकायचा. सगळाच तबला बराच उतरलेला असेल तर आधी बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोका. थोडाच फरक असेल तर काम गजऱ्यावर. वरून घाव घातला की सूर चढतो, खालून वर घातला की उतरतो. एका घरावर घाव घातला की लगेच समोरच्या घरावर जा, मग काटकोनातल्या दोन घरांवर. नवखा माणूस बेसूर घराच्या शेजारच्याच घरावर ठोकत गोल फिरतो. त्यानं पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, एका बाजूला ओढली जाते आणि शेवटी कुठल्याच दोन घरांचं जमत नाही. हातोडी चाटेवर, म्हणजे कडेच्या कातड्यावर, किंवा शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, पडली तर पुडीचं नुकसान ठरलेलं. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल पडतं, सूर उतरतो. म्हणून कोणी तबला हीटरसमोर ठेवतात. तसं करू नका, शाईला भेगा पडतात.

मेंडोलिन मिळवताना जोडीतली एक तार बोटानं दाबून गप्प करा, दुसरी सुरात आणा, मग पहिली सोडा. दोन्ही मिळून सूर डुगडुगत असेल तर अजून जुळलेलं नाही. डुगडुग मंदावत थांबली की जमलं. तार नेहमी खालून वर आणावी. वरून खाली आणलेली तार दोन मिनिटांत आणखी उतरते.

आता गंधार. पेटीचा एक अर्धस्वर शंभर भागांचा धरला, तर पेटीवरचा गंधार तानपुऱ्याशी तंतोतंत जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. पंचम फक्त दोन भाग उतरा, तो कानाला खटकत नाही. कारण सरळ आहे. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं आहे, म्हणजे कुठल्याही पट्टीला सा म्हणता येतं. त्या सोयीची किंमत गंधार मोजतो. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. दुसरा आक्षेप असा की पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. मधल्या काळात पेटी नाटकातून, भजनातून काही हलली नाही. माझं मत विचाराल तर आक्षेप खरा होता आणि बंदी चुकीची.

मेंडोलिनवर भूप वाजवताना सा मोकळ्या तारेवर, रे दुसऱ्या पडद्यावर (गळ्यावरच्या आडव्या पट्टीवर), ग चौथ्या, मग प पुढच्या मोकळ्या तारेवर. ध तिच्या दुसऱ्या पडद्यावर आणि वरचा सा पाचव्या. गंधाराचं दुखणं इथेही तेच, कारण पडदे पेटीच्याच हिशेबानं बसवलेले असतात. शिवाय बोटानं तार ताणली की सूर चढतो, उतरत नाही. म्हणजे चढा गंधार इथे सुधारता येतच नाही! आणखी एक सांभाळा. सर्वांत खालच्या सुराची जोडी मध्यमाची. ती नकळत झंकारते आणि भूपात मध्यम घुसतो. उजव्या तळहाताची कड तिच्यावर टेकवून ती गप्प ठेवा.

बासरीवर मात्र गंधार आपल्या हातात, खरं तर ओठात. बासरी ओठांकडे किंचित वळवली की सूर उतरतो. तानपुऱ्यासमोर गंधार लांब धरून ती तीळभर आत वळवत न्या. एका जागी तो तानपुऱ्यात विरघळतो आणि वेगळा ऐकू येईनासा होतो. तिथे थांबा. मग लगेच पेटीवर काळी तीन दाबून बघा. आयुष्यभर बिनतक्रार ऐकलेला तो सूर टोचायला लागेल.

भूप बासरीला सोयीचाही आहे, अर्धं छिद्र कुठेच लागत नाही. वरची तीन छिद्रं बंद म्हणजे सा, दोन बंद रे, एक बंद ग. अडतं ते ग वरून प वर जाताना. एका बोटावरून थेट सहा बोटं एकदम पडायला हवीत आणि फुंकही त्याच क्षणी जोरकस व्हायला हवी. एखादं बोट, बहुधा खालची अनामिका, उशिरा पडलं की चिवचिव येते. मेंडोलिन वाजवणाऱ्याला हे जास्त छळतं. तार बोटाच्या टोकानं दाबायची असते, बासरीचं छिद्र सपाट पेरानं झाकायचं असतं. टोकाची सवय घेऊन बासरी धरली की छिद्रातून हवा गळते. तिथे जोरात फुंकून उपयोग नाही, बोटं आडवी करा.

हिवाळ्यात एक अडचण वाढते. हवा दहा अंशांनी गार झाली तर हिशेबानं बासरी तीसेक भाग उतरते. फुंकेनं नळी तापते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. पेटी मात्र जवळजवळ जागची हलत नाही. म्हणून थंडीत सकाळी बासरी पेटीला बेसूर वाटली तर वळवावळवी करण्याआधी पाच मिनिटं नुसते लांब सूर भरा.

ठेवताना मेंडोलिनच्या तारा कोरड्या कापडानं पुसा, घामानं गंज चढतो. बासरीला आतून महिन्याकाठी मोहरीच्या तेलाचा हलका हात द्या. पेटीतला एखादा सूर मुका झाला तर बहुधा त्याच्या पितळी जिभेखाली धुळीचा कण असतो. पातळ कागदाची पट्टी हळूच सरकवून तो काढावा. तोंडानं फुंकू नये, वाफेनं पितळ काळवंडतं. आणि पेटीची पट्टी सोडल्यावरही सूर वाजतच राहिला तर स्प्रिंग बघा. पावसाळा असेल तर काही दिवस थांबा, फुगलेलं लाकूड वाळलं की पट्टी बहुतेक आपणच मोकळी होते.