डोंगर उतरून आलेला वारा

(दृश्य: चिखलदऱ्याचा घाट, उतरणाऱ्या गाड्या)

चिखलदऱ्याला पाणी पिऊन रिकामी केलेली प्लास्टिकची बाटली झाकण घट्ट लावून गाडीत टाकून द्या. घाट उतरून परतवाडा येईस्तोवर तिची कूस आत गेलेली दिसते. कोणी हातही लावलेला नसतो. खाली हवेचा दाब जास्त. वरून आणलेली विरळ हवा त्यापुढे दबते.

आणि दबलेली हवा तापते. कोरडी हवा डोंगर उतरली, तर किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, नागपूर ३१० मीटरवर. म्हणजे मे महिन्यात नागपूरकर जी हवा खायला वर जातात, तीच कोणी खाली आणून सोडली, तर आठेक अंशांनी गरम होऊन पोचेल. उन्हाचा यात काही हात नाही.

(दृश्य: पावसातलं महाबळेश्वर, मग पसरणी घाटाखालची वाई)

ओलसर हवा डोंगर चढते तेव्हा हिशेब जरा बदलतो. ढग धरताना बाष्प आपली उष्णता हवेला देतं, त्यामुळे ती किलोमीटरमागे पाच-सहा अंशच गार होते. पाऊस माथ्यावर सांडून पलीकडे उतरताना मात्र पुरते दहा अंश तापते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घाट उतरून वाईला हजारसुद्धा नाही, त्याचं कारण इथेच आहे. सह्याद्री तसा बुटका. आल्प्सच्या उंचीवर हाच खेळ मोठा होतो. तिथल्या वाऱ्याला ‘फॉन’ म्हणतात, आणि तो भर हिवाळ्यात बर्फ वितळवतो.

(दृश्य: बर्फाळ गाव, थर्मामीटरचा पारा)

अमेरिकेत याच जातीच्या वाऱ्याचं नाव ‘चिनूक’. २२ जानेवारी १९४३. दक्षिण डाकोटात, ब्लॅक हिल्सच्या पायथ्याला स्पिअरफिश नावाचं गाव. सकाळचे साडेसात, पारा उणे २०. वारा डोंगरावरून खाली आला आणि दोन मिनिटांत पारा ७ अंशांवर! नऊच्या सुमारास १२. मग वारा पडला, आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उणे २०. खिडक्यांच्या काचांना तडे गेले. स्वेटर काढावा की घालावा, हे ठरवायलासुद्धा दोन मिनिटं कमीच.

मग डोंगरावरचा प्रत्येक वारा गरमच हवा ना? नाही. वरची हवा मुळातच इतकी थंड आणि जड असली, की उतरताना तापूनही खालच्यांना ती बोचरीच लागते. इटलीतल्या त्रिएस्ते शहरात असा ‘बोरा’ वाहतो. माणसांना धरून चालता यावं म्हणून तिथे रस्त्याकडेला दोर बांधत. अंटार्क्टिकाचं तर विचारूच नका. बर्फाच्या पठारावर गोठलेली हवा स्वतःच्याच वजनाने उतारावरून समुद्राकडे घसरत सुटते. डग्लस मॉसन यांच्या तुकडीने १९१२-१३ मध्ये केप डेनिसनला मुक्काम ठोकला, तिथे वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होता. सरासरी, बरं का.

(दृश्य: मे महिन्यातली दुपार, सीताबर्डीचा ओस पडलेला रस्ता, दुपट्ट्याने तोंड बांधलेली दुचाकीस्वार)

उत्तरेला सातपुडा आहे, म्हणून नागपूरची लू त्याच्यावरून घसरून येते असं वाटू शकतं. पण ती मुळात सपाटीवरची. राजस्थान, मध्य प्रदेशाकडची तापलेली जमीन तिला भाजून पाठवते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, ती अशाच हवेत.

कोरडेपणा मात्र लूचा आणि डोंगर उतरून आलेल्या हवेचा, दोघींचा सारखा. कॅलिफोर्नियात डोंगर उतरून येणारे ‘सांता आना’ वारे झाडझुडूप पार वाळवून टाकतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसची आग त्यांनीच भडकवली. नागपुरात त्याच कोरडेपणावर कूलर चालतो: ताट्यांवरचं पाणी झरझर उडतं, म्हणून खोली गार होते. जूनमध्ये हवा दमट झाली, की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. सांता आना सुटलेल्या दिवशी तो लॉस एंजेलिसलाही झकास चालेल.