जॉब खरंच गार झाला का?

मिलिंग मशीनवरून नुकताच उतरवलेला हा पोलादाचा ठोकळा, म्हणजे आपला जॉब. लांबी, रुंदी, उंची, सगळं 50 मिलिमीटर. ठोकळा 40 अंशांवर, खोली 20 वर. माप घ्यायचंय, म्हणून थांबायचं. पण किती?

अर्ध्यापाऊण तासाने कुणीतरी त्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, "झाला गार, घ्या माप." हा हातच फसवतो. तळहाताची त्वचा साधारण 32-33 अंशांवर असते. ठोकळा 30 वर उतरला की हाताला तो गारच लागणार, आणि खोलीपेक्षा मात्र तो अजून 10 अंशांनी गरम असतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. म्हणजे हा 'गार' ठोकळा अजून जवळपास 6 मायक्रॉन मोठा आहे. ड्रॉइंगवरचं माप असतं 20 अंशांचं, तसं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 5 मायक्रॉनचा असेल, तर चांगला जॉब इथेच रिजेक्ट होतो.

हात बाजूला ठेवू. कागद घेऊ.

ठोकळ्याचं वजन जवळजवळ एक किलो. एक अंश खाली यायचं तर त्याला सुमारे 470 जूल उष्णता सोडावी लागते. ती जाणार कुठून? पृष्ठभागातून. शांत हवेत चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, साधारण 10 वॉट. सहाही बाजू मिळून 0.015 चौरस मीटर, म्हणजे दर अंशाला जेमतेम 0.15 वॉट. 470 ला 0.15 ने भागलं की येतात सुमारे 3100 सेकंद, म्हणजे 52 मिनिटं. याला म्हणतात कालस्थिरांक.

फरक जितका कमी, तितकी उष्णता सावकाश बाहेर पडते. न्यूटनने 1701 मध्ये हेच मांडलं होतं. कालस्थिरांकाला 0.7 ने गुणलं की फरक निम्मा व्हायचा वेळ मिळतो, इथे 36 मिनिटं. 20 चे 10, मग 5, मग अडीच... आठ वेळा निम्मे केले की 0.1 अंशाच्या आत. आठ गुणिले 36, म्हणजे जवळपास पाच तास! पहिले 10 अंश 36 मिनिटांत गेले, आणि शेवटचा सव्वा अंश अडीच तास खातो. खरं तर त्याहूनही जास्त, कारण फरक घटला की ठोकळ्याभोवती वर चढणारी हवाही मंदावते.

10 वॉटचा आकडा काळपट पृष्ठभागाचा. चकचकीत पृष्ठभाग उष्णता फार कमी फेकतो, तिथे वेळ दुपटीच्या घरात जातो. ॲल्युमिनियमला मात्र तेवढ्याच आकारात दोन तृतीयांश वेळ पुरतो. पंखा लावला तर सगळंच झपाट्याने आटोपतं.

एक अट आहे. आत-बाहेर तापमान जवळपास सारखं असेल, तरच हा हिशेब चालतो. हवेत पोलादाचं तसं असतंच. तोच ठोकळा ढवळत्या पाण्यात टाकला, तर मधला भाग मागे रेंगाळतो.

आता ठोकळ्याचं तापमान मोजणारा थर्मोकपल 20.1 दाखवतोय. मायक्रोमीटर सकाळपासून ठोकळ्याशेजारीच ठेवलेला आहे. हातमोजे घालून तो उचलायचा, आणि माप घ्यायचं.