चमत्काराची बातमी पाच महिने आधीच आली होती

मित्रहो, 3 ऑगस्ट 2024. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडनं महिलांची 100 मीटर शर्यत 10.72 सेकंदांत जिंकली. अमेरिकेची शाकॅरी रिचर्डसन 0.15 सेकंदांनी मागे राहिली. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत हे अंतर फार मोठं असतं. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानात डॉमिनिका या दुसऱ्या कॅरिबियन बेटाच्या थिया लाफाँडनं तिहेरी उडीत 15.02 मीटर झेप घेऊन सुवर्ण मिळवलं. एका देशाची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात, दुसऱ्याची सत्तर हजारांच्या. दोन्ही देशांचं हे ऑलिम्पिकमधलं पहिलंवहिलं पदक.

अशा विजयाची बातमी कशी येते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आधी नकाशा, मग लोकसंख्या, मग ‘धक्का’ आणि ‘चमत्कार’. हे शब्द मला मनापासून खटकतात. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोला जागतिक इनडोअर स्पर्धा झाली. तिथे आल्फ्रेडनं 60 मीटर शर्यत 6.98 सेकंदांत जिंकली आणि लाफाँडनं 15.01 मीटर उडी मारून सुवर्ण घेतलं. म्हणजे पॅरिसला उतरल्या त्या दोन जगज्जेत्या. धक्का बसला तो मधल्या पाच महिन्यांत त्यांच्याकडे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांना.

60 मीटरची विजेती म्हणजे काय, हेही आपण पत्रकारांनी वाचकाला सांगायला हवं. तिची ताकद सुरुवातीत असते. सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून सुटल्यावर शरीर पुढे झुकलेलं, नजर खाली, प्रत्येक पावलागणिक वेग वाढत जाणारा. पॅरिसची शर्यत पुन्हा बघा. ओल्या ट्रॅकवर ती पहिल्या काही पावलांतच पुढे निघते आणि मग कुणाच्या हाती लागत नाही. हे कौशल्य अमेरिकन मुलीनं दाखवलं असतं तर आपण त्यावर रकानाभर लिहिलं असतं. आल्फ्रेडच्या वाट्याला येते ती लहानपणी अनवाणी धावल्याची गोष्ट. ती खरीच आहे, तिनं स्वतः सांगितली आहे. पण चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला जाणं, मग टेक्सास विद्यापीठात प्रशिक्षक एड्रिक फ्लोरिएल यांच्या हाताखाली घासून तयार होणं, हे त्या गोष्टीत मावत नाही.

आणि ती बाहेर गेली तेव्हा देशात सरावाची सोय काय होती? इथे खरी बातमी आहे. 2009 साली सेंट लुसियाच्या दक्षिणेकडचं सेंट ज्यूड रुग्णालय जळालं. रुग्णांना देशाच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, जॉर्ज ओडलम स्टेडियममध्ये, हलवलं. तात्पुरती सोय म्हणून गेलेलं रुग्णालय वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. जिंकल्यावर आल्फ्रेड म्हणाली, या पदकामुळे देशात नवं स्टेडियम उभं राहावं. सुवर्ण गळ्यात असताना ती हे बोलली! माझ्या मते तिथून पुढे वार्ताहराचं काम सुरू होतं.

या बेटांची आपल्याला ओळखच नाही, असंही नाही. क्रिकेटपटू डॅरेन सॅमी सेंट लुसियाचा. जुलै 2023मध्ये आपल्या मुंबईच्या यशस्वी जयस्वालनं पदार्पणातच 171 धावा केल्या त्या डॉमिनिकातल्या रोझोच्या मैदानावर. आपली वर्तमानपत्रं तेव्हा रोझोहून भरभरून लिहीत होती. पण क्रिकेटमध्ये ही सगळी बेटं ‘वेस्ट इंडीज’ या एका नावात जातात. ऑलिम्पिकमध्ये प्रत्येकाचा झेंडा वेगळा, म्हणून तो एक दिवस त्यांना इतका मोलाचा असतो.

आल्फ्रेडच्या दोन दिवस आधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्येच रायफल नेमबाजीत ब्राँझ जिंकलं होतं. सगळीकडे ‘रेल्वेचा तिकीट तपासनीस’ आलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या तीन अवस्था, 2022च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेतला चौथा क्रमांक आणि तिथेच देशासाठी मिळवलेला ऑलिम्पिक कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली जागा, हे किती वाचकांपर्यंत पोचलं? घरच्या माणसाचं असं होतं, तर दूरच्या बेटांचं काय होणार.

इथे बसलेल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. सप्टेंबर 2025मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आल्फ्रेडनं 100 मीटरमध्ये ब्राँझ घेतलं, लाफाँडनं रौप्य. त्या दोन निकालांवर चारशे शब्द लिहून आणा. लोकसंख्येचा आकडा न घालता.