अल्पना वाळण्याआधी

(दृश्य : पहाटेचे धुके. तोरणाच्या चौकटीत टांगलेली घंटा. दोरीवर एक हात.)

शांतिनिकेतनातला दिवस घंटेने सुरू होतो. सांचीच्या तोरणाची आठवण करून देणाऱ्या या चौकटीखाली ठरलेल्या वेळी कोणीतरी येऊन दोरी ओढतो आणि तो नाद शालवृक्षांच्या रांगेतून, आम्रकुंजातून, थेट कलाभवनाच्या, म्हणजे इथल्या कलाशाळेच्या, आवारापर्यंत पोहोचतो. त्या नादासरशी पाठभवनातील मुले काखेत आपापले आसन घेऊन झाडांखालच्या वर्गांकडे निघतात. माघ सरत आला आहे. आंब्याला मोहोर धरला आहे, शालाची पाने गळू लागली आहेत, आणि पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील या विश्वभारती विश्वविद्यालयासमोर आता अडीच महिन्यांचा वसंत उभा आहे : फाल्गुनातला वसंतोत्सव, १० मार्चचा गांधी पुण्याह, बंगाली वर्षाचा शेवटचा महिना असलेल्या चैत्राच्या अखेरचा वर्षशेष आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचे बंगाली नववर्ष. विश्वभारतीत हे सारे शिक्षणाच्याच वर्षक्रमात बसवलेले आहे. उत्सव आहे म्हणून अभ्यास थांबला, असे इथे कोणी म्हणत नाही. उत्सवाची तयारी हाच त्या आठवड्याचा अभ्यास असतो.

(दृश्य : कलाभवन. फरशीवर वाकलेल्या विद्यार्थिनी. बोटांचे समीपदृश्य.)

हा हात नीट पाहावा. तळव्यात ओल्या चिंधीचा बोळा आहे. तो हलका दाबला की पांढरे पाणी अनामिकेवरून ओघळते आणि बोटाचे टोक जमिनीवर फिरत जाते. बंगालच्या घरांतून ही अल्पना तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काढतात. शांतिनिकेतनात खडूमातीचा पांढरा, काव म्हणजे गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा पिवळा असे मातीचेच रंग वापरण्याची रीत पडली. आपल्याकडच्या रांगोळीशी तिचे नाते जवळचे असले तरी हाताची सवय मात्र उलटी आहे. रांगोळीची कोरडी चिमूट चुकली तर फुंकर मारून पुसता येते, ठिपक्यांचा आधार घेता येतो. इथे ठिपके नाहीत, आणि ओली रेष एकदा उमटली की ती तशीच राहते. म्हणून अल्पना काढणारी मुलगी आधी बराच वेळ काहीच करत नाही. ती जमिनीकडे पाहत बसते, मग उठते, चार पावले मागे जाते, पुन्हा येऊन बसते. आमच्याकडे या एका बसण्याउठण्याचेच वीस मिनिटांचे चित्रीकरण आहे, आणि त्यातले बरेचसे कापताना हात जड झाला हे कबूल केले पाहिजे.

आज सहज वाटणाऱ्या या रेषेमागे एक शतकाचा अभ्यास आहे. कलाभवनाची स्थापना १९१९ सालची. नंदलाल बोस यांनी तिची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांनी चित्रकलेच्या वर्गाबाहेरचे हात वर्गात आणले. पूर्व बंगालातून आलेल्या सुकुमारी देवी या विधवा बाईंकडे व्रतवैकल्यांच्या अल्पनेची अस्सल विद्या होती. घरच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढली जाणारी ती कमळे आणि वेली त्यांनी कलाभवनातील मुलींना शिकवल्या. पुढे नंदलालांची कन्या गौरी भंज यांनी त्या अल्पनेला शांतिनिकेतनाचे स्वतःचे वळण दिले : व्रताचा संकेत बाजूला झाला, भोवतालची फुलेपाने रेषेत आली, आणि घराच्या अंगणाएवढी असलेली अल्पना सभामंडपाएवढी मोठी झाली. याच गौरी १९२६ साली रवींद्रनाथांच्या नाटकात नटीच्या भूमिकेत नाचल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या वेलीच्या वळणात नृत्याची लय आहे असे कोणी म्हटले, तर ते निव्वळ कौतुक ठरू नये. नंदलालांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवली हे आपण शाळेत शिकतो. त्या पानांच्या चौकटी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही जमिनीवरची वेल अनोळखी वाटणार नाही.

(दृश्य : जुने छायाचित्र. त्यानंतर रिकामे आम्रकुंज.)

वसंताच्या या उत्सवाची सुरुवात एका लहान मुलाने केली. रवींद्रनाथांचे धाकटे चिरंजीव शमींद्रनाथ आश्रमशाळेत शिकत होते. १९०१ साली पाच विद्यार्थ्यांनिशी उघडलेली ही शाळा तेव्हा अजून अगदीच बाल्यावस्थेत होती. १९०७ च्या वसंतपंचमीला शमींद्रने सवंगड्यांना जमवून ऋतूंचा एक खेळ मांडला. मुलांनी ऋतूंची सोंगे घेतली, गाणी म्हटली, आणि आश्रमाच्या कोऱ्या दिनदर्शिकेत एक दिवस रंगला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंगेर येथे पटकीने शमींद्रचे निधन झाले. तो अकरा वर्षांचाही झालेला नव्हता.

(दृश्य : आम्रकुंजात गळणारी पाने. येथे निवेदन नाही.)

पुढे हा ऋतूचा खेळ फाल्गुनी पौर्णिमेकडे सरकला आणि आश्रमाचा वसंतोत्सव झाला. देशात इतरत्र त्या सुमारास होळीचा रंग उधळला जातो. इथे रंग आहे, पण पाणी नाही. कोरडा अबीर, म्हणजे आपला गुलाल, कपाळाला, गालाला लावायचा, आणि तोही गाणी व नृत्य पार पडल्यावर.

(दृश्य : गौरप्रांगण, संध्याकाळ. तालीम. पावलांचे समीपदृश्य.)

सिंहसदनासमोरच्या या खुल्या प्रांगणात तालीम चालू आहे. उत्सवाच्या पूर्वसंध्येला आणि पहाटे वैतालिक निघते, म्हणजे गाणाऱ्यांची फेरी आश्रम जागवीत फिरते. त्यानंतर घरातल्यांना दार उघडायला सांगणाऱ्या रवींद्रनाथांच्या फाल्गुनगीतावर नर्तकांच्या रांगा मैदानाकडे चालू लागतात. ही चाल पाहायला सोपी आणि करायला अवघड आहे, कारण पाठभवनातल्या आठ वर्षांच्या मुलापासून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांचे पाऊल एकाच मात्रेवर पडावे लागते. शिक्षिका टाळी देत बाजूने चालतात आणि रांग मोडली की काहीही न बोलता सुरुवातीच्या जागी परत जातात. रांग मुकाट्याने त्यांच्यामागे जाते. या पदन्यासातला जो गोलवा आहे तो मणिपुरी नृत्याचा आहे. १९१९ साली सिल्हेट भागात रवींद्रनाथांनी मणिपुरी नृत्य पाहिले आणि लगोलग त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह यांना नृत्य शिकवण्यासाठी बोलावून घेतले. भद्र घरांतील मुलामुलींनी नाचणे ज्या काळी असभ्य समजले जाई, त्या काळी ते शाळेच्या वेळापत्रकात आले.

संगीताच्या बाजूला एक मराठी धागाही आहे. आश्रमाच्या सुरुवातीच्या काळात शास्त्रीय गायन शिकवणारे भीमराव शास्त्री हसूरकर हे महाराष्ट्रातले, आणि कलाभवनात आधी शिकलेले व नंतर शिकवणारे विनायक मासोजी कोल्हापूरचे. १९७० साली पन्नाशीत असलेले पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी याच झाडांखाली विद्यार्थी होऊन राहिले. मराठी माणसाला शांतिनिकेतन परके वाटत नाही ते काही उगाच नाही.

(दृश्य : वाळत घातलेल्या पिवळ्या साड्या. वाऱ्याने फुगलेला एक पदर.)

उत्सवाचा वेश ठरलेला आहे. मुलींना वासंती म्हणजे पिवळी सुती साडी, मुलांना पांढरा सदरा आणि खांद्यावर पिवळे उत्तरीय. प्राजक्ताच्या वाळलेल्या केशरी देठांपासून असा पिवळा रंग काढण्याची पद्धत बंगालात जुनी आहे. आता बहुतेक साड्या रंगवलेल्याच मिळतात. केसांत माळायला पूर्वी पळसाची फुले हमखास असत. पाहुण्यांची गर्दी वाढली तसे परिसरातल्या पळसाच्या फांद्याच्या फांद्या मोडून त्यांचे गजरे रस्त्यावर विकले जाऊ लागले, आणि झाडे वाचवण्यासाठी आवाज उठवावा लागला. हा पळस, जो आत्ता पडद्यावर दिसतो आहे, तो कुंपणाच्या आतला आहे. म्हणूनच त्याच्या खालच्या फांदीवरही फुले शिल्लक आहेत.

प्रत्यक्ष उत्सवाचे चित्र आमच्याकडे नाही. २०२० साली साथीमुळे उत्सव रद्द झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत विश्वविद्यालयाने तो बहुधा पौर्णिमेचा दिवस टाळून, केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यापुरता साजरा करण्याचा मार्ग धरला. २०२३ च्या सप्टेंबरात शांतिनिकेतनाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत झाल्यापासून आवाराच्या जपणुकीची काळजी अधिकच वाढली आहे. शेजारच्या बोलपूरमधील हॉटेलवाल्यांची, टोटो म्हणजे ई-रिक्षा चालवणाऱ्यांची आणि दुरून येणाऱ्या रवींद्रप्रेमींची यामुळे निराशा होते, हेही खरे. मात्र ज्या मैदानावर लाखाच्या घरातली गर्दी लोटली की नाचणाऱ्या मुलांनाच वाट मिळत नसे, ते मैदान आता मुलांकडे परत आले आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर. भाज्यांचे ढीग. विळीवर बसलेला विद्यार्थी.)

हे चित्रीकरण मात्र गेल्या १० मार्चचे आहे, आणि येत्या १० मार्चलाही इथे हेच दृश्य दिसेल. विळीपुढे बसलेला हा मुलगा भोपळा चिरतो आहे. बंगाली विळी जमिनीवर पायाखाली दाबून धरायची असते, हे त्याला थोड्या वेळापूर्वीच कोणीतरी दाखवलेले आहे आणि त्याच्या फोडी अजून एकसारख्या येत नाहीत. मागे दोघीजणी पितळी पातेले राखेने घासत आहेत. बाहेर प्राध्यापक मंडळी खराट्याने शालाची पाने गोळा करत आहेत, आणि एक वयस्क कर्मचारी झाडाखाली शांतपणे बसून हे सगळे पाहतो आहे. आज त्याला सुट्टी आहे. आज झाडणे, भांडी घासणे, स्वयंपाक करणे, मोऱ्या साफ करणे, ही सारी कामे विद्यार्थी आणि शिक्षक करतात.

या दिवसाची कथा १९१५ ची आहे, आणि तिची एक वाट पुण्याहून जाते. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी १७ फेब्रुवारी १९१५ रोजी शांतिनिकेतनात आले. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मुले आधीपासूनच तिथे राहत होती. दोनच दिवसांनी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. तार मिळताच गांधीजी पुण्याला निघाले आणि मार्चच्या सुरुवातीला परत आले. परत आल्यावर त्यांनी शिक्षकांपुढे आणि मुलांपुढे प्रश्न ठेवला, की आपली कामे आपण का करू नयेत? पगारी स्वयंपाकी आणि नोकर यांच्यावाचून आश्रम चालवून पाहायचे ठरले. रवींद्रनाथांनी संमती दिली, आणि १० मार्चला मुले चुलीपुढे बसली. त्या दिवसांत काका कालेलकर तिथे शिक्षक होते. साताऱ्यात जन्मलेल्या, बेळगावच्या मातीत वाढलेल्या या माणसाची आणि गांधीजींची पहिली गाठ इथलीच. कोणी पोळ्या लाटत होते, कोणी भांडी घासत होते, भांडी घासणाऱ्यांचा शीण जावा म्हणून कोणी सतार वाजवत होते, असे वर्णन गांधीजींनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. दिवस मात्र टिकला, आणि त्याला गांधी पुण्याह हे नाव मिळाले.

सतार आज दिसली नाही. रवींद्रसंगीत मात्र स्वयंपाकघरातून अखंड ऐकू येत होते.

(दृश्य : श्रीनिकेतन. मांडवातल्या भाज्या, हातमाग.)

आम्ही पोहोचलो तेव्हा श्रीनिकेतनचा मेळा उरकत आला होता. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साथीने रवींद्रनाथांनी सुरूल गावात ग्रामपुनर्रचनेचे हे केंद्र उघडले, त्याचा हा वर्धापनदिन. भोवतालच्या गावांतील शेतकरी आपल्या वाडीतला सर्वांत मोठा मुळा, सर्वांत गोल कोबी इथे मांडतात. शेजारी बाटिकचे चामडे आणि हातमागाचे कापड असते. आमच्या हाती एवढीच दृश्ये लागली.

(दृश्य : काचमंदिर, तिन्हीसांज. रंगीत काचांतून येणारा प्रकाश.)

चैत्राच्या शेवटच्या संध्याकाळी याच काचेच्या उपासनागृहात वर्षशेषाची प्रार्थना होईल. इथे मूर्ती नाही. संगमरवरी फरशी आहे, मंत्र आहेत, गाणी आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे वैतालिक पुन्हा आश्रम जागवील आणि नववर्षाची उपासना होईल. रवींद्रनाथांचा जन्मदिवस २५ वैशाखाचा. तोवर बीरभूमच्या विहिरी आटतात आणि विद्यार्थी सुट्टीसाठी घरी गेलेले असतात. म्हणून कवीच्या हयातीतच तो नववर्षाच्या दिवशी साजरा करण्याची प्रथा पडली.

(दृश्य : उपासनागृहाची पायरी. रात्र. कंदिलाचा उजेड. पुन्हा तोच हात.)

पायरीजवळची ही अल्पना आदल्या रात्रीच काढून ठेवावी लागते. सकाळी अनवाणी माणसे येऊ लागण्यापूर्वी ती पुरती वाळायला हवी, कारण ओल्या रेषेवर पाऊल पडले की ठसा तसाच राहतो. कमळाची शेवटची पाकळी अजून बाकी आहे.

(दृश्य : बोट उचलले जाते. पांढरा थेंब. अंधार.)