एचआयव्हीच्या पोटातला शंकू

श्रोतेहो, नमस्कार. आज मला तुमच्याशी एका शंकूबद्दल बोलायचं आहे. त्याची लांबी सुमारे १२० नॅनोमीटर आणि रुंद टोकाकडे जाडी साठेक नॅनोमीटर. असे आठ हजार शंकू एकापुढे एक मांडले, तरी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. हा शंकू असतो एचआयव्हीच्या पोटात. शास्त्रज्ञ त्याला कॅप्सिड म्हणतात.

एचआयव्ही कशानं पसरतो आणि कशानं पसरत नाही, हे रेडिओवरून पुष्कळदा सांगितलं गेलं आहे, आणि ते सांगत राहायलाच हवं. पण हा विषाणू मुळात असतो कसा, त्याच्या आत काय असतं, हे सहसा कोणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं, कारण या विषाणूवरची जवळजवळ सगळी औषधं त्याच्या रचनेतला किंवा कामकाजातला एखादा नेमका भाग हेरूनच तयार झाली आहेत. रचना कळली तर औषध कळतं, आणि औषध कळलं तर भीतीची जागा समजुतीनं घेता येते.

बाहेरून आत जाऊ या. एचआयव्हीचं सर्वांत बाहेरचं आवरण त्याचं स्वतःचं नसतंच. तो ज्या पेशीत जन्मतो, तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. त्या आवरणावर काटे असतात, आणि तेही मोजकेच, साधारण डझनभर. प्रत्येक काटा जीपी १२० आणि जीपी ४१ या दोन प्रथिनांच्या प्रत्येकी तीन रेणूंचा बनलेला. जीपी १२० आपल्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी ४ या रेणूला चिकटतं, मग सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ या दुसऱ्या रेणूचा आधार घेतं, आणि त्यानंतर जीपी ४१ विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळून टाकतं. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जीपी १२० च्या वजनापैकी जवळपास निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो, आणि त्या साखळ्या आपल्याच पेशीनं चढवलेल्या असतात. प्रतिकारशक्तीला वरवर जे दिसतं ते बरंचसं आपलंच असतं. एचआयव्हीवर अजून लस नाही, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

आवरणाच्या आतल्या बाजूला मॅट्रिक्स नावाच्या प्रथिनाचं अस्तर, आणि त्याच्या आत आपला शंकू. शंकूत आरएनएचे, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूचे, दोन धागे असतात. दोन्हींवर तोच मजकूर, प्रत्येकी नऊ-साडेनऊ हजार अक्षरांचा. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, हे लक्षात घेतलं की या विषाणूचं सामान किती थोडं आहे ते कळतं. जनुकं फक्त नऊ. त्यांतली तीन मोठी: गॅग, पोल आणि एन्व्ह. गॅगपासून मॅट्रिक्स, कॅप्सिड अशी बांधणीची प्रथिनं बनतात. पोलपासून प्रोटिएज, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि इंटिग्रेज ही तीन विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. एन्व्हपासून वरचे काटे.

गॅग आणि पोल यांचं प्रमाण विषाणू कसं सांभाळतो, ते तर मला फार विलक्षण वाटतं. बांधणीची प्रथिनं हजारोंनी लागतात, विकरं थोडी पुरतात. म्हणून मजकुरात एका ठिकाणी घसरण ठेवलेली आहे. आपल्या पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र तिथे पोचलं की बहुतेक वेळा गॅग संपवून थांबतं, पण साधारण वीसात एकदा ते एक अक्षर मागे सरकतं आणि वाचत पुढे पोलमध्ये शिरतं. वेगळं बटण नाही, वेगळा हुकूम नाही, नुसत्या एका अक्षराच्या घसरणीवर सगळा हिशेब.

उरलेली सहा जनुकं लहान आहेत. टॅट आणि रेव्ह विषाणूच्या मजकुराची नक्कल आणि वाहतूक वाढवतात. व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ यांचं काम मुख्यतः आपल्या पेशीचे बचाव मोडून काढण्याचं. उदाहरणार्थ, एपोबेक ३ जी नावाचं आपलं एक प्रथिन विषाणूच्या मजकुरात इतक्या चुका घालतं की तो निकामी व्हावा. व्हिफ त्या प्रथिनालाच नष्ट करवतं.

आता शंकूकडे वळू. तो कॅप्सिड प्रथिनाच्या सुमारे दीड हजार रेणूंचा बनलेला असतो. हेच प्रथिन पी २४ या नावानंही ओळखलं जातं. एचआयव्हीच्या आधुनिक रक्तचाचण्या प्रतिपिंडांबरोबर पी २४ सुद्धा शोधतात, म्हणून संसर्ग आधीच्या चाचण्यांपेक्षा लवकर सापडतो. हे रेणू सहा-सहाच्या गटांनी षटकोनी जाळी विणतात. पण नुसत्या षटकोनांनी बंद आकार होत नाही, भूमितीच तसं होऊ देत नाही. तो बंद करायला नेमके बारा पंचकोन लागतात. काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजून पाहा, तेही बाराच भरतील. फुटबॉलवर ते सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, म्हणून चेंडू गोल होतो. एचआयव्हीत बहुधा सात पंचकोन रुंद टोकाला आणि पाच निमुळत्या टोकाला येतात, म्हणून शंकू होतो.

विषाणू पेशीतून बाहेर पडतो तेव्हा मात्र हा शंकू नसतोच. गॅगचे लांबलचक रेणू आवरणाला आतून चिकटून गोलाकार रचलेले असतात आणि असा कच्चा विषाणू कोणालाही संसर्ग करू शकत नाही. मग प्रोटिएज हे विकर त्या रेणूंचे ठरावीक ठिकाणी तुकडे पाडतं, सुटे झालेले कॅप्सिडचे रेणू नव्यानं जुळतात आणि शंकू उभा राहतो. १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालेलं साक्विनाविर आणि त्याच्या जातीची पुढची औषधं इथेच घाव घालतात. विषाणू बनतात, पण कच्चेच राहतात.

बरीच वर्षं असं मानलं जात होतं की शंकू हे नुसतं वेष्टन आहे. पेशीत शिरल्यावर ते लगेच गळून पडतं आणि खरं काम, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणं, त्यानंतर सुरू होतं. पेशीच्या केंद्रकाला जी छिद्रं असतात, त्यांतून एवढा शंकू जाणंच शक्य नाही, असा हिशेब होता. पण ती मापं पेशीतून वेगळ्या काढलेल्या छिद्रांची होती. अखंड पेशीत मोजल्यावर छिद्र साठ नॅनोमीटरहून थोडं अधिक रुंद निघालं, आणि २०२१ च्या सुमारास संशोधकांना संपूर्ण शंकू त्या छिद्रातून जाताना प्रतिमांमध्ये दिसला. म्हणजे आरएनएचं डीएनएमध्ये रूपांतर बंद शंकूच्या आत, पेशीच्या पहारेकऱ्यांपासून लपून चालतं, आणि शंकू फुटतो तो केंद्रकात पोचल्यावर.

ज्या भागाला वेष्टन समजून फारसं महत्त्व मिळालं नव्हतं, त्यावर आज सर्वांत लांब टिकणारं औषध बेतलेलं आहे. लेनाकापाविर शंकूच्या रेणूंमधल्या खाचेत बसतं आणि त्यांची जुळणी बिघडवतं. २०२२ मध्ये ते उपचारासाठी मंजूर झालं. वर्षातून दोनच इंजेक्शनं. २०२४ साली युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत प्रतिबंधासाठी ते घेणाऱ्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही एचआयव्हीचा संसर्ग झाला नाही. हा आकडा मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

विषाणूचं कूळ ठरवतानाही शंकूच उपयोगी पडला. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर, म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलं. हे विकर हीच रेट्रोव्हायरस कुळाची खूण. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी, ल्यूक माँटाग्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा विषाणू वेगळा केला, तेव्हा माणसातला एचटीएलव्ही हा रेट्रोव्हायरस आधीच माहीत होता. नवा विषाणू त्याचाच भाऊ असावा, असं अमेरिकेतल्या संशोधकांना वाटलं. पण सूक्ष्मदर्शकाखालचा निमुळता गाभा आणि पुढे वाचलेला जनुकसंच यांवरून दिसलं की त्याचं नातं मेंढ्यांच्या आणि घोड्यांच्या काही संथ आजारांच्या विषाणूंशी आहे. म्हणून एचआयव्ही लेंटिव्हायरस या प्रजातीत गेला, आणि एचटीएलव्ही डेल्टारेट्रोव्हायरसमध्ये राहिला.

एचआयव्हीचे प्रकार दोन. एचआयव्ही १ चे एम, एन, ओ आणि पी असे चार गट. एम आणि एन चिंपांझींकडून आले, ओ आणि पी गोरिलांकडून. जगभरची साथ एम गटाची. त्याचे ए, बी, सी असे उपप्रकार असून जगातल्या जवळजवळ निम्म्या संसर्गांना उपप्रकार सी जबाबदार आहे. नवा उपप्रकार मान्य व्हायला तीन स्वतंत्र नमुने लागतात. एल हा उपप्रकार काँगोतल्या १९८३ आणि १९९० च्या नमुन्यांत दिसला होता, पण २००१ च्या तिसऱ्या नमुन्याचा मजकूर पूर्ण वाचून होईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, त्याला नाव मिळालं नाही.

एचआयव्ही २ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून आला. त्याच्यात व्हीपीयूऐवजी व्हीपीएक्स हे जनुक असतं. ही वर्गवारी कागदावरची नाही. नेविरापिन आणि एफाविरेन्झ ही औषधं एचआयव्ही १ ला रोखतात, एचआयव्ही २ वर त्यांचा परिणाम होत नाही. प्रकार चुकला तर औषध चुकतं.

आता इंटिग्रेजबद्दल. शंकू केंद्रकात फुटला की हे विकर विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात जोडून टाकतं. ज्या पेशीत तो जोडला गेला, ती काही वेळा सुप्त होऊन वर्षानुवर्षं जगते. अशा पेशीत काटे नाहीत, प्रोटिएज नाही, शंकू नाही, त्यामुळे आजच्या औषधांना पकडायला काहीच नसतं. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी होतो, आणि तसा तो राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्गही होत नाही. औषध थांबलं, तर बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो, कारण गुणसूत्रातली ती अक्षरं तिथेच असतात. ती काढायची कशी, किंवा कायमची मुकी करायची कशी, यावर आज अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे.